मिनेसोटाचा शिक्का घेऊन कल्याणपर्यंत

पुरुषमाणसं काशीला जाऊन आली की वही भरून लिहितात, विलायतेला जाऊन आली की पुस्तकच छापतात. मी ठाण्याहून कल्याणला जाऊन आले. एवढ्याशा वाटेचं काय लिहायचं, असं भाऊकाका म्हणालेच. म्हटलं, तुम्ही नका वाचू. ज्या बायका माजघरातून परसात आणि परसातून माजघरात एवढाच प्रवास करतात, त्यांच्यासाठी लिहिते आहे. खाडी त्यांनी पाहिलेली नाही. आणि कल्याणला काय झालं ते त्यांना ऐकीव कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मी कोण ते आधी सांगते. मासुंदा तळ्याच्या काठी आमचं घर. मी त्या घरातली थोरली मुलगी, सगळ्यांची अक्का. लग्न होऊन गेले ती वर्षभरात परत आले. तेव्हापासून अंगावर विधवेचं लाल आलवण आणि न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली महिन्याच्या महिन्याला डोकं. मला लिहायवाचायला शिकवलं माझ्या धाकट्या भावाने, विनायकाने. मी चुलीपुढे बसायची, तो चुलीतल्या कोळशाने जमिनीवर अक्षरं काढायचा. आई ओरडायची, की सारवलेली जमीन घाण करतोस. तो म्हणायचा, अक्का सारवेल परत. आणि मी सारवायची.

हा विनू अमेरिकेला गेला. त्याचं लग्न कल्याणला झालं होतं. तिथे बंदरावर बायका उखळात भात कांडताना त्याने पाहिल्या आणि डोक्यात खूळ शिरलं, की कल्याणच्या भाताला यंत्र हवं. एका व्यापाऱ्याच्या ओळखीने तो मिनेसोटा नावाच्या राज्यात पोहोचला. तिथे नदीच्या धबधब्यावर पिठाच्या गिरण्या चालतात. घरात रडारड झाली, गावात नावं ठेवली गेली, पण पत्रं येत राहिली. बायकोला थेट पत्र लिहायची आमच्यात कुठली आली सोय! तो माझ्या पत्रात दुसरा कागद घडी घालून पाठवायचा आणि मी तो दिवेलागणीला मागीलदारी यमूच्या हातात सरकवायची. यमू म्हणजे त्याची बायको. सोळा वर्षांची. तिलाही मीच वाचायला शिकवलं होतं. जमीन परत मीच सारवली.

मग एक पत्र आलं नाही. पुढचंही आलं नाही. आणि एके दिवशी मुंबईच्या वकिलातीमार्फत एक जाड कागद आला. त्यावर मिनेसोटा राज्याचा मोठा गोल शिक्का होता. कागद उचलून धरला की शिक्का बोटाला लागायचा, इतका खोल उमटवलेला. विनायकाचं नाव इतकं वेडंवाकडं लिहिलेलं, की ते त्याचं आहे असं म्हणायलाही धीर लागावा. हिवाळ्यात छाती भरून वारला आणि तिथेच पुरला, असं त्यात होतं.

आईने अन्न सोडलं. पडल्या पडल्या सांगायची, विनू स्वप्नात येतो, ओंजळ पुढे करतो, पाणी मागतो. त्याला पाणी द्या रे कुणीतरी. पण तिलांजली द्यायची तर आधी अंत्यविधी हवा, आणि देहच नाही तर विधी कसला? त्याला शास्त्रात पळसाचा विधी आहे. पळसाच्या काड्यांचा माणूस करायचा आणि तो जाळायचा. मात्र माणूस मेल्याचा भरवशाचा पुरावा असेल तरच. नसेल तर बारा वर्षं वाट पाहायची. ठाण्याच्या भटजींनी हात झटकले. म्हणाले, परदेशी कागद आम्हाला कळत नाही, कल्याणच्या शास्त्र्यांकडे न्या. आणि कल्याणहून निरोप आला, की बायकोलाही आणा, काही विचारावं लागेल.

आता डाव कसा पडला होता बघा. शास्त्र्यांनी कागद खरा मानला तर विनूला पाणी मिळणार, आई जेवणार, आणि यमूचं कुंकू पुसून तिला न्हाव्यापुढे बसवणार. कागद खोटा ठरला तर यमूचे केस बारा वर्षं डोक्यावर राहणार. माझा जीव दोन्हीकडे फाटत होता असं म्हणायला हवं. पण खरं सांगते, फाटत नव्हता. विनू गेला तो गेला. यमू माझ्यासमोर होती.

यमूचा मात्र कागदावर विश्वासच नव्हता. "वन्सं, ह्यांचं नाव तरी असं आहे का?" ती मला म्हणाली. "तिकडे कुणीतरी दुसराच मेला असेल. सरकारांच्या चुका होत नाहीत का?" मी म्हटलं, होतात गं बाई, सरकारांच्या फार चुका होतात.

ठाण्याचं बंदर

आगगाडीने गेलो असतो तर तासाभरात कल्याण. पण गाडीत ठाण्याची माणसं भेटतात, कुठे निघालात विचारतात, आणि भाऊकाकांना उत्तर द्यायचं नव्हतं. भाऊकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, घरातले कर्ते. लायब्ररीत स्त्रीशिक्षणावर बोलतात, टाळ्याही घेतात. घरी आले की आवाज जरा खाली येतो. तर त्यांनी होडी ठरवली. मला बरंच वाटलं. मला पोहोचायची घाई नव्हती.

पहाटे भरती लागल्याबरोबर निघालो. होडीवाला पोशा, कळव्याकडचा आगरी, काळा कुळकुळीत आणि तोंडाने फाटका. आम्हाला पाहून म्हणाला, "आये, मधी बस. सरकू नको. चिखलान गेलीस तं कारायला मानूस नाय माज्याकरं." यमूला हसू फुटलं. इतक्या दिवसांत घरात कुणी हसलं नव्हतं. तिने हात पाण्यात घातला, भाऊकाका खाकरले, तिने हात काढला. ते पलीकडे वळले, तिने परत घातला.

कळव्याच्या बाजूला मिठागरं लागली. मी ती पहिल्यांदाच पाहिली. चौकोनी वाफे, त्यांत उभं पाणी, आणि बांधावर पांढऱ्या राशी. घरात चिमटीने वापरतो ते मीठ इथे फावड्याने ओढतात. काही वाफे मात्र फुटून पडले होते, त्यांत चिखल आणि बगळे. पोशा म्हणाला, "त्यो आमचा. सरकारानं बंद केला. आता मी होरी चालवतंय." कशासाठी बंद केला, असं मी विचारलं. "त्या सायबाला म्हायती," तो म्हणाला आणि वल्हं मारू लागला.

मुंब्र्याच्या डोंगराखाली आम्ही दशम्या सोडल्या. म्हणजे त्या दोघांनी. मी होडीत सोवळं कुठलं आणणार? दाण्याचा लाडू खाऊन घोटभर पाणी प्याले. भाऊकाकांनी कागद कुठे ठेवला होता ठाऊक आहे? धूतवस्त्रात गुंडाळून मांडीवर. पोशाने दोनदा तिकडे पाहिलं, मग विचारलंच, "काका, देव हाय का काय त्याच्यान?"

भाऊकाकांना कौतुक सांगायची संधी हवीच असते. त्यांनी वस्त्र उलगडून शिक्का दाखवला. मीही तेव्हाच उजेडात नीट पाहिला. मधे एक गोरा माणूस शेत नांगरतो आहे. बाजूला झाडाचा तुटका बुंधा, त्याला कुऱ्हाड, टेकून ठेवलेली बंदूक. मागे धबधबा, वर परक्या अक्षरांची एक पट्टी. आणि पलीकडे तिथला मूळचा रहिवासी, घोड्यावर बसून मावळत्या सूर्याकडे निघालेला. नांगरणारा मान वळवून त्याच्याकडे बघतो आहे.

पोशाने वल्हं थांबवून ते चित्र न्याहाळलं. "ह्यो नांगरतंय. आनि ह्यो घोऱ्यावर बसून कंय चाललाय?"

"जातोय कुठेतरी," भाऊकाका म्हणाले.

"ज्याची जागा त्योच चाललाय वाटतं," पोशा म्हणाला. "आमी पन अशेच निंगालो. घोरा नव्हता, यवरंच."

यमू पदराआडून, पण ठणकावून म्हणाली, "चाललाय कुठला? येतोय तो. घरी निघालाय."

पोशा खो खो हसला. "बरां बोलली पोर! येतंय तं येतंय." भाऊकाकांनी कागद गुंडाळून टाकला.

दिव्याचा चिखल

दिव्याच्या जवळ आमचं नशीब रुतलं, म्हणजे होडी रुतली. भाऊकाकांनी मुंब्र्याला संध्या करायला इतका वेळ लावला, की भरती ओसरली. मग काय, दोन्हीकडे काळा चिखल आणि मधोमध आम्ही. पोशा म्हणाला, "आता पानी येल तवा." भाऊकाका त्याच्यावर तापले, मग खाडीवर तापले, मग उभे राहिले आणि उपरणं सावरता सावरता कलंडले. एक हात चिखलात कोपरापर्यंत गेला. दुसरा हात त्यांनी कागदासकट आकाशात धरला होता.

तेव्हा माझ्या मनात आलं ते लिहूनच टाकते. एक धक्का द्यायचा अवकाश होता. कागद चिखलात गेला असता, मिनेसोटाने दुसरा पाठवेपर्यंत वर्ष गेलं असतं, दोन गेली असती. मी सरकलेही. आणि आई डोळ्यांपुढे आली, भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी भाऊकाकांचा हात धरून त्यांना वर ओढलं.

दिव्याची एक आगरीण डोक्यावर दोन हंडे घेऊन बांधावरून चालली होती. त्या गावाला गोड्या पाण्याची फार ददात. लांबच्या विहिरीवरून आणावं लागतं, बाकी सगळं मचूळ. आम्हाला पाहून ती चिखल तुडवत आली आणि वरचा हंडा उतरवला. "प्या गो बायांनो. ऊन बग कसलां हाय." भाऊकाकांनी मान फिरवली. ओठ सुकून गेले होते, पण तिच्या हातचं पाणी कसं पिणार? मीही नाही प्याले. माझ्यापुढे तर हंडा दिसत असून नसल्यासारखाच. यमूने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला ऊन लागतंय, मी डोळे मिटते. मिटले. ती ओंजळीने घटाघटा प्याली, मला आवाज येत होता.

बाईने तिला विचारलं, "घोव कंय हाय तुजा?"

"लांब गेलेत. समुद्रापलीकडे."

"येल गो. दर्यावर गेलेली येतान." आणि तिने आपल्या अंबाड्यातलं सोनचाफ्याचं फूल काढून यमूच्या वेणीत खोचलं. भाऊकाका चिखलाने भरलेला हात धरून आकाशाकडे बघत बसले होते.

विनूने एकदा लिहिलं होतं, की तिथल्या प्रत्येक राज्याला जसा आपला शिक्का असतो, तसं आता आपलं फूलही ठरवू लागलेत. मिनेसोटाचं फूल तिथल्या बायकांनी एकत्र येऊन मतं देऊन निवडलं. चढावासारखा, म्हणजे पायातल्या जोड्यासारखा आकार असतो म्हणे त्या फुलाचा, आणि दलदलीत उगवतं. अक्का, बायकांनी ठरवलं आणि सरकारने ऐकलं, अशी त्याने ती ओळ लिहिली होती. मी ती कितीदा तरी वाचली. तिथल्या बायका राज्याने कुठलं फूल मिरवायचं ते ठरवतात. आमच्या यमूने वेणीत फूल घालायचं की नाही, आणि वेणी तरी ठेवायची की नाही, हे ठरवायला आम्ही तिला होडीत घालून चार पुरुषांपुढे नेत होतो. पुढची भरती येईपर्यंत मी हाच विचार करत त्या चिखलात बसले होते.

डोंबिवलीवरून गेलो तेव्हा उन्हं कलली होती. गाव असं काही दिसलंच नाही. भाताची खाचरं, वालाचे वेल, काठावर म्हशी. यमू मला एकेक दाखवत होती, कारण इथून तिचं माहेर सुरू झालं होतं. "वन्सं, ते चिंचेचं झाड दिसलं की आलंच कल्याण," ती म्हणायची. प्रत्येक चिंचेला म्हणायची.

कल्याण

ठाणं हे कचेऱ्यांचं गाव, सगळं कसं हळू आवाजात. कल्याणच्या बंदरावर उतरलं की आधी आवाजच अंगावर येतो. गाढवं, हमाल, भाताची पोती, तंबाखूचा वास नाकात जाऊन शिंका, आणि ह्या सगळ्याच्या मागे मुसळांचा धपधप आवाज. विनूने ऐकला तो हाच. प्रत्येक पोत्यावर व्यापाऱ्याची काळी छाप. कुणाची मासोळी, कुणाचं कमळ, कुणाचा नांगर. ह्या छापांकडे मी तेव्हा सहज पाहिलं होतं.

यमूच्या आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. लेकीला जवळ घेतलं, तिच्या वेणीतलं फूल हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिलाही सगळं ठाऊक होतं. रात्री पानात पांढऱ्या वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी होती, असं यमू सांगत होती. मला कसली रात्रीची उसळ! पण वास इतका चांगला होता, की वासावरच निजले.

सकाळी ओसरीवर पाट मांडले. शास्त्री आले. सगळ्यांत वडील दादाशास्त्री, पांढऱ्या भुवयांचे, शांत. इतर तिघं त्यांच्याहून लहान. आम्ही बायका माजघराच्या दाराआड. यमू माझ्या पुढे, तिची आई मागे. दाराच्या फटीतून ओसरी दिसत होती.

भाऊकाकांनी कागद पुढे ठेवला. दादाशास्त्र्यांनी तो हातात न घेता वाकून पाहिला.

"ही राजमुद्रा?"

"होय. मिनेसोटा राज्याची."

"राजमुद्रेवर देव असतो, चंद्रसूर्य असतात, निदान राजाचं नाव असतं. इथे नांगऱ्या आहे. हा राजा का?"

"तिथे राजा नाही," भाऊकाका म्हणाले.

"राजा नाही तर राज्य कुणाचं?"

भाऊकाकांनी लोकांनी निवडलेल्या सरकारावर बोलायला सुरुवात केली. लायब्ररीत टाळ्या पडल्या असत्या. इथे एक शास्त्री मधेच म्हणाला, "अहो, ही तर पोत्यावरची छाप! आपल्या बंदरावर दोन वखारींचा नांगर आहे." दुसऱ्याने वाकून पाहिलं आणि मान डोलावली. मुलगा गिरणीत होता ना? मग गिरणीवाल्यानेच पिठाच्या पोत्यावर मारायचा ठसा कागदावर मारून पाठवला असेल. नावही धड नाही.

मी तुम्हाला काय सांगू! माझा जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, देवा, ह्या लोकांचं अज्ञान असंच अखंड ठेव. भाऊकाका घाम पुसत होते. दादाशास्त्र्यांनी विचार केला आणि म्हणाले, "हा पुरावा धरता येत नाही. मुलाच्या आईचं दुःख कळतं मला. पण संशयावर सवाष्णीचं कुंकू पुसणं हे पाप आहे. बारा वर्षं वाट पाहा."

बारा वर्षं! बारा वर्षांत काय वाटेल ते होतं. माणसं बदलतात, रीती बदलतात, शास्त्री म्हातारे होतात. मी मागून यमूच्या पाठीवर हात ठेवला. आईला काय सांगायचं तेही मनात जुळवू लागले. उठायचीच वेळ झाली होती.

तेवढ्यात तो पोत्याची छाप म्हणणारा शास्त्री सुपारी कातरता कातरता म्हणाला, "पोती शिवून शिवून कंटाळला असेल बिचारा. एखादी मडम करून बसला असेल तिकडे, आणि इकडे पाठवला पिठाचा ठसा!" सगळे हसले. भाऊकाकाही, सुटल्यासारखे, थोडे हसले.

माझ्या हाताखालची पाठ ताठ झाली.

"पोत्याचा नाही तो!" यमू दाराआडून म्हणाली. आवाज कापत होता, पण सबंध ओसरीला ऐकू गेला. "राज्याचाच आहे. वरच्या पट्टीवर ध्रुवाचं नाव आहे त्याच्यात."

मी तिचं तोंड दाबायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. तिला वाटलं मी रीतभात सांभाळते आहे.

दादाशास्त्र्यांनी मान वर केली. "ध्रुवाचं? कुणी सांगितलं, मुली?"

"ह्यांनीच. मला पत्रात लिहिलं होतं." तिचा आवाज आता स्थिर झाला होता, पाठ म्हटल्यासारखा. "तिथल्या राज्याच्या शिक्क्यावर परक्या भाषेत लिहिलंय, उत्तरेचा तारा. म्हणजे आपला ध्रुवच. लग्नात भटजींनी बोट करून दाखवला तोच. सरकारी कागदावर तो शिक्का दिसला की मला ती रात्र आठवते, असं लिहिलं होतं त्यांनी. ते मडम करणारे नाहीत."

दादाशास्त्री उठले. त्यांनी कागद पहिल्यांदा हातात घेतला आणि ओसरीच्या कडेला उन्हात नेला. शिक्क्यावरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ ते तसेच पाठमोरे उभे होते.

"ज्याला साक्षी ठेवून लग्न लागतं, त्याचं नाव घेऊन कुठलंही राज्य खोटं लिहिणार नाही," ते परत येऊन म्हणाले. "आणि शिक्का खुद्द बायको ओळखते. याहून मोठा पुरावा मी कुठून मागू?" त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं आहे. त्याचा कुणाला काय उपयोग झाला?

यमूला अजून उमगलं नव्हतं. तिला एवढंच कळलं, की नवऱ्याला हसणारे गप्प बसले. ती माझ्याकडे वळली. गाल लाल झाले होते. हसत होती. "सांगितलं की नाही मी, वन्सं?"

तिच्या आईने मागे हंबरडा फोडला तेव्हा ते हसू गेलं. एकदम नाही गेलं. आधी डोळ्यांतून गेलं, ओठांवर थोडा वेळ तसंच राहिलं. मी काय करावं? मी तिला धरलं. बोलायला माझ्याकडे एक शब्द नव्हता, आणि एरवी मी किती बोलते ते तुम्ही बघताच आहात.

पुढचं मी भरभर लिहिते. खाडीच्या काठी पळसाच्या काड्यांचा माणूस केला. हात काड्यांचे, पाय काड्यांचे, डोक्याच्या जागी नारळ. यमू म्हणाली, "ह्यांचं कपाळ एवढं मोठं नव्हतं." तेवढंच बोलली. भाऊकाकांनी अग्नी दिला. काड्या ओल्या होत्या, पेट घेईनात, तुपावर तूप ओतावं लागलं. मग तिलांजली दिली. विनूला पाणी मिळालं म्हणायचं.

न्हावी आला तेव्हा तिच्या आईला तिथे उभं राहवेना. मग मीच यमूचं डोकं माझ्या हातांत धरलं. माझं डोकं धरलं होतं ते माझ्या आत्याने. आमच्या घरात हे काम असंच पुढे चालत आलं आहे. सोनचाफा कधीच सुकला होता, पण वास वेणीला राहिला होता. वेणी खाली पडली तेव्हाही येत होता. न्हावी म्हातारा होता, सारखं म्हणत होता, हलू नको बाळा, लागेल. ती कुठे हलत होती? मला मात्र राग इतका आला होता, की माझेच हात हलत होते. विनूचा राग आला, की मेल्याने ते पत्र लिहिलं कशाला. माझा आला, की हिला वाचायला शिकवलं कशाला. शिक्का बनवणाऱ्या त्या गोऱ्यांचा आला. नांगर पुरेसा नव्हता का? तारा कशाला हवा होता मेल्यांना तिथे?

परत ठाण्याला

तेरावा आटोपून निघालो. पोशालाच निरोप धाडला होता. बंदरावर तीच पोती, तीच मुसळं. यमूने कल्याणकडे वळून पाहिलं नाही. दोन लाल आलवणं होडीत मधे बसली, भाऊकाका पुढे. कागद ह्या वेळी त्यांनी पिशवीत कोंबला होता. त्याचं काम झालं होतं.

भाऊकाका एवढंच म्हणाले, "वहिनी आता जेवतील." आई जेवणार होती, ते खरंच होतं. आजही जेवते. यमू तिला वाढते आणि आई तिच्याकडे न बघता खाते.

डोंबिवलीच्या चिंचा गेल्या. दिव्याच्या बांधावर ती आगरीण कुठे दिसते का, म्हणून मी पाहिलं. दिसली नाही, ते बरं झालं. मुंब्र्याचा डोंगर गेला. उतरत्या पाण्याबरोबर होडी आपोआप चालली होती, पोशाला काम नव्हतं, आणि काम नसलं की त्याचं तोंड चालतं. भाव काय, पाऊस कधी, सगळं बोलून झालं. ठाण्याचा किनारा दिसू लागला. सूर्य मावळत होता आणि आम्ही त्याच्याकडेच निघालो होतो.

पोशाने आमच्या दोघींच्या डोक्यांवरून मागे पाहिलं, जसं काही कुणी राहून गेलं आहे.

"आये," त्याने मला विचारलं, "जाताना ती बोलकी पोर व्हती तुमच्यासंगट. घोरेवाला घरी येतंय बोलत व्हती ती. तिला म्हायेरी ठेवलीव काय?"

भाऊकाकांनी तोंड फिरवलं. यमू पोशाच्या अगदी समोर, हाताच्या अंतरावर बसली होती. तिने पदर जरा मागे केला, म्हणजे त्याला ऐकू जावं म्हणून.

"हो," ती म्हणाली, "ठेवली."